टीएसएच नॉर्मल, तरी अंगात त्राण नाही

‘थायरॉइडची गोळी सुरू होऊन दोन वर्षं झाली. टीएसएच नॉर्मल येतो. तरी दुपारी बारा वाजले की अंग गळून जातं. डोस वाढवून घेऊ का?’ ‘रक्त वाढायची गोळी सुरू केली आणि नॉर्मल असलेला टीएसएच एकदम वर गेला. आता कोणती बंद करू?’ ‘बी-१२ कमी आलंय, डी कमी आलंय, फेरिटिनही कमी आलंय. एवढ्या गोळ्या एकदम घेतल्या तर चालतं का?’

फलटण असो, कराड असो, तासगाव असो की जत, कमी थायरॉइडच्या रुग्णांचे प्रश्न फिरून फिरून याच तीन वळणांवर येतात. घोटाळा होणं साहजिक आहे. थकवा, केस गळणं, जिना चढताना धाप, पायाला मुंग्या, विसरभोळेपणा, उदासी यांतलं प्रत्येक लक्षण थायरॉइडचं असू शकतं, लोहाच्या कमतरतेचं असू शकतं आणि बी-१२ च्या कमतरतेचंही. मग घरात ‘हिला थायरॉइड आहे’ एवढं एकच उत्तर सगळ्याला लावलं जातं आणि बाकीचं शोधायचं राहून जातं.

थेट सांगायचं तर यातल्या बऱ्याच जणांना आणखी गोळ्यांची गरज नसते. आहेत त्यांच्याच वेळा चुकलेल्या असतात, नाहीतर तपासण्यांचा क्रम चुकलेला असतो. या दोन्ही गोष्टी तुम्हाला घरबसल्या तपासता येतात. डोस किती आणि उपचार कोणता, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

आधी औषधांची पिशवी उपडी करा

पहिलं काम हेच. घरातली सगळी औषधं एका ताटात काढा. डॉक्टरांनी दिलेली, आशाताईंनी दिलेली, मेडिकलवाल्याने सुचवलेली, वैद्यांची, मुलीने पुण्याहून पाठवलेली, सगळी. अशा पिशवीतून साधारण काय निघतं? थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली. लाल रंगाच्या लोहाच्या गोळ्या. कॅल्शियमची पट्टी. पित्तासाठी पॅन्टोप्राझोल. डी जीवनसत्त्वाची एक पुडी. केस गळतात म्हणून आणलेली बायोटिनची गोळी. तळाशी अर्धी राहिलेली लोहासवाची बाटली. आणि विचारलं, ‘कधी घेता?’ तर उत्तर येतं, ‘सकाळी चहाबरोबर सगळ्या एकदमच. एकदाचं उरकून जातं.’

टीएसएच वर का गेला, याचं उत्तर बहुतेक वेळा या वाक्यात असतं. लोह आणि कॅल्शियम पोटात गेल्यावर लेव्होथायरॉक्सिनला (थायरॉइडच्या गोळीतलं औषध ते हेच) धरून ठेवतात आणि ते रक्तात पुरतं उतरू देत नाहीत. गोळी खाल्ली जाते, अंगी लागत नाही. पित्ताच्या गोळ्यांमुळे जठरातलं आम्ल कमी होतं, त्यानेही थायरॉइडच्या गोळीचं शोषण घटतं. त्याच गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर लोह आणि बी-१२ सुद्धा कमी पडू लागतं. वर्षानुवर्षं पॅन्टोप्राझोल स्वतःच्या मनाने चालू असेल, तर ते खरंच हवं आहे का, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

आयुर्वेदिक औषधांचीही नोंद करा. लोहभस्म, मंडूरभस्म, लोहासव हे लोहच आहे. शंखभस्म, प्रवाळ, मोतीभस्म हे मुख्यतः कॅल्शियमच आहे. नाव वेगळं असलं तरी थायरॉइडच्या गोळीशी त्यांचं भांडण तेच. हे वैद्यांनाही सांगा आणि डॉक्टरांनाही. दोघांपासून एकमेकांची औषधं लपवण्याची आपल्याकडची रीत इथे महागात पडते.

कमतरता आणि थायरॉइड एकत्र का येतात

कारणं थोडक्यात:

- थायरॉइड कमी असला की पुष्कळ बायकांना पाळीत अंगावरून जास्त जातं. लोह तिथून गळतं.
- थायरॉइड ग्रंथीत संप्रेरक तयार करणाऱ्या विकराला लोह लागतं. म्हणजे लोहाची कमतरता ग्रंथीच्या कामातही अडथळा आणते.
- कमी थायरॉइडचं एक मोठं कारण म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेला हल्ला. काहींमध्ये असाच हल्ला जठराच्या अस्तरावरही होतो आणि बी-१२ व लोह शोषलं जात नाही.
- उरलेली कमतरता थायरॉइडमुळे नसतेच. ती आपल्या ताटातली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. थायरॉइड असलेली बाई याच स्त्रियांमधली एक असते, हे विसरलं जातं.

तपासण्या: कोणत्या आणि कोणत्या क्रमाने

‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज स्वस्तात मिळतंय म्हणून सत्तर-ऐंशी आकड्यांचा कागद घेऊन यायची गरज नाही. त्यातले दोन-चार आकडे ठळक अक्षरात येतात आणि नव्याच काळज्या सुरू होतात. थकवा जात नसेल तर डॉक्टरांशी बोलून एवढ्यापासून सुरुवात करा:

1. टीएसएच. डोस किंवा ब्रँड बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी. त्याआधी केला तर आकडा अर्धवट असतो.
2. सीबीसी. हिमोग्लोबिन गरोदर नसलेल्या स्त्रीत १२ च्या खाली आणि पुरुषात १३ च्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात. याच कागदावर ‘एमसीव्ही’ म्हणजे तांबड्या पेशींचा आकार पाहा. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, बी-१२ कमी असेल तर मोठ्या.
3. फेरिटिन. शरीरातला लोहाचा साठा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार निरोगी प्रौढात १५ नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे साठा संपलेला. बरेच डॉक्टर ३० च्या खालीही उपचार करतात. ताप, संसर्ग किंवा सांध्यांची सूज असताना फेरिटिन खोटं वाढतं, म्हणून आजारपणात ही तपासणी करू नका.
4. बी-१२. साधारणपणे २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता, २०० ते ३०० म्हणजे काठावर.
5. डी जीवनसत्त्व. हाडं-स्नायू दुखत असतील, वय जास्त असेल किंवा डॉक्टरांना गरज वाटली तर. २० नॅनोग्रॅमच्या खाली म्हणजे कमी.

आकडे वाचताना हमखास फसवणाऱ्या काही जागा आहेत.

हिमोग्लोबिन १२.५ आहे म्हणजे लोह ठीक आहे, असं नाही. साठा आधी रिकामा होतो, हिमोग्लोबिन त्यानंतर उतरतं. थकवा आणि केस गळणं त्या मधल्या काळातच सुरू होऊ शकतं.

लोह आणि बी-१२ दोन्ही कमी असतील, तर पेशी लहानही दिसत नाहीत आणि मोठ्याही दिसत नाहीत. एमसीव्ही फसवा ‘नॉर्मल’ येऊ शकतो. शाकाहारी घरात हे विशेष लक्षात ठेवा.

पेशी लहान आहेत पण फेरिटिन भरपूर आहे, असं आलं तर लोहाच्या गोळ्या रेटू नका. थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शक्यता असते. त्यासाठी एचपीएलसी नावाची तपासणी असते, ती आयुष्यात एकदाच करायची. घरात लग्नाची मुलं असतील तर तिचा उपयोग त्यांनाही होतो.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त द्यायच्या निदान दोन दिवस आधी बंद करा. बऱ्याच लॅबच्या पद्धतीत जास्त बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी दिसतो. तो पाहून कुणी तुमचा डोस कमी करून टाकला तर पुढचे दोन महिने वाया जातात.

बी-१२ चं इंजेक्शन घेऊन मग तपासणी करणं हा पैशांचा अपव्यय. आधी रक्त, मग सुई.

मधुमेह असलेल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसी प्रत्यक्ष साखरेपेक्षा जास्त दिसू शकतो. आणि मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ उतरतं. थायरॉइड, मधुमेह, मेटफॉर्मिन अशी तिन्ही असतील तर बी-१२ तपासायला कुणी सांगायची वाट पाहू नका.

गोळ्यांचं वेळापत्रक

सगळ्या लेखातलं एकच पान फाडून स्वयंपाकघरात लावायचं असेल तर हे लावा.

नियम तीन. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, फक्त साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर चहा, दूध किंवा खाण्याला अर्धा ते एक तास. आणि लोह व कॅल्शियमला चार तास.

हा अर्ध्या तासाचा चहा सगळ्यात जड जातो. ‘चहा घेतल्याशिवाय डोळेच उघडत नाहीत’ हे अगदी खरं. पण गावाकडच्या दिनक्रमात ही वेळ आपोआप सापडते. पहाटे पाचला उठलात की तोंड धुऊन गोळी घ्या, मग गोठा, धारा, डेअरीवर दूध घालणं. परत येईपर्यंत तास होऊन जातो आणि चहा हक्काचा. गोळीची बाटली चहाच्या डब्याशेजारी ठेवू नका, ब्रशशेजारी ठेवा. सवय तिथे लागते.

साधारण दिवस असा बसतो:

- पहाटे ५.३० ते ६: थायरॉइडची गोळी, पाण्याबरोबर.
- ६.३० ते ७: चहा, मग न्याहारी.
- ११ च्या सुमारास: लोहाची गोळी, लिंबूपाण्याबरोबर. आधी-नंतर तासभर चहा नको. मळमळलं तर थोडं खाऊन घ्या.
- दुपारी १.३० ते २: जेवण. कॅल्शियम लिहून दिलं असेल तर जेवणानंतर.
- ४ ते ५: चहा.
- रात्री: जेवण. डी जीवनसत्त्व ज्या दिवशी असेल त्या दिवशी याच जेवणाबरोबर, कारण ते स्निग्ध पदार्थांबरोबर शोषलं जातं.

बी-१२ ची साधी गोळी दुपारी केव्हाही चालते. पण ‘मल्टिव्हिटॅमिन’ लिहिलेल्या गोळीत बऱ्याचदा लोह किंवा कॅल्शियम असतं, तसं असेल तर तिला चार तासांचा नियम लागू.

सकाळ जमतच नाही, असेही लोक आहेत. विट्याच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणारे, मिरज-कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळी बदलत राहणारे, पहाटेची एसटी पकडून साताऱ्याला नोकरीला जाणारे. त्यांच्यासाठी झोपण्यापूर्वी गोळी घेण्याचा पर्याय आहे. शेवटचं खाणं होऊन तीन तास झालेले असावेत आणि संध्याकाळी लोह-कॅल्शियम घेतलेलं नसावं, एवढी अट. सकाळवरून रात्रीवर जाताना डॉक्टरांना सांगा आणि सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच करा. आज सकाळी, उद्या रात्री असं मात्र करू नका.

माण, खटाव, आटपाडी, जत या बाजूला मे महिन्यात पत्र्याच्या घरात दुपारी काय तापतं ते तिथल्या लोकांना सांगायला नको. थायरॉइडची गोळी उष्णता आणि ओल दोन्हींनी कमजोर होते. खिडकीत, चुलीवरच्या फळीवर, न्हाणीत ठेवू नका. घरातल्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या, कोरड्या खोलीत, मूळ बाटलीत, झाकण घट्ट लावून ठेवा. महिन्याभराच्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देणाऱ्या दुकानदाराला नको म्हणा.

लोह कमी असेल तर

ताटाने साठा भरून निघत नाही, हे आधी मान्य करावं लागतं. पाळी येणाऱ्या स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोहाची गरज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने सांगितली आहे. साठा एकदा रिकामा झाला की गोळीच लागते.

गोळीच्या पट्टीवर ‘एलिमेंटल आयर्न’ किती लिहिलंय ते पाहा. मोठा आकडा क्षाराचा असतो, उपयोगाचा आकडा हा. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. आशाताईंकडून फुकट मिळणारी ही गोळी महागड्या सिरपच्या तुलनेत मुळीच कमी नाही. शौच काळं होतं, घाबरू नका. बद्धकोष्ठ होतं, आणि ते कमी थायरॉइडमध्ये आधीच असतं. अशा वेळी गोळी सोडून देण्याऐवजी एक दिवसाआड घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह शरीर जास्त चांगलं शोषतं, असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलं आहे.

हिमोग्लोबिन महिन्याभरात चढायला लागतं. इथेच बहुतेक जण गोळी बंद करतात. साठा भरायला हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यानंतरही साधारण तीन महिने लागतात. महिन्याने काहीच फरक पडला नाही, तर गोळी पोटात जातेय का, चहा मध्ये येतोय का, रक्त कुठे जातंय का, हे पाहायचं. शिरेतून लोह द्यायची वेळ येऊ शकते. ते रुग्णालयात, देखरेखीखालीच घ्यायचं.

पाळी बंद झालेल्या बाईला किंवा पुरुषाला लोहाची कमतरता निघाली तर ‘थायरॉइडमुळे असेल’ म्हणून सोडू नका. मूळव्याध, अल्सर, आतड्याचा आजार, क्वचित कर्करोग यांतून रक्त जात असू शकतं. त्याचा शोध घ्यायचाच. आणि पाळीत गाठी जात असतील, दिवसाला पाच-सहा पॅड लागत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

बीट, गूळ आणि बेदाणे

रक्त कमी म्हटलं की पहिल्यांदा घरात बीट येतं. रंग लाल, म्हणून श्रद्धा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम बीटात एक मिलिग्रॅमही लोह नाही. १०० ग्रॅम बाजरीत सहाच्या आसपास आहे, हुलग्यात आठाहून जास्त. म्हणजे माणदेशातल्या भाकरीत आणि हुलग्याच्या माडग्यात जे आहे ते सोडून आपण बीटाचा रस काढत बसतो. गुळात आणि तासगावच्या बेदाण्यात थोडं लोह असतं, पण तेवढ्यासाठी खायचे तर साखरही तेवढीच पोटात जाते.

ताटात करता येण्यासारखं बरंच आहे. मटकी, हुलगे, कोरेगावचा वाघ्या घेवडा ही कडधान्यं भिजवून, शक्य तिथे मोड आणून खा, त्याने लोह सुटं व्हायला मदत होते. वर लिंबू पिळा, सोबत पेरू किंवा आवळा घ्या. अळिवाचे लाडू बाळंतिणीपुरते राखून ठेवू नका. लोखंडी तवा-कढई वापरा. मांसाहार चालत असेल तर मटण, कलेजी, सुकट यांतलं लोह सगळ्यात सहज शोषलं जातं. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. एवढं एक सोडलं तरी पुष्कळ झालं.

कोबी-फ्लॉवर बंद करायची गरज नाही. शिजवलेली भाजी माणसाइतकी खाल्ली तर काही होत नाही. सोयाबीन खायचं असेल तर ते थायरॉइडच्या गोळीपासून लांब ठेवा.

मीठ आयोडीनयुक्तच वापरा. ‘सैंधव चांगलं’ म्हणून घरातलं सगळंच मीठ बदललेली कुटुंबं वाढताहेत. सैंधवात पुरेसं आयोडीन नसतं. उलट आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या ‘थायरॉइड बूस्टर’ गोळ्या घेऊ नका. आयोडीन गरजेपेक्षा जास्त झालं तरी ग्रंथी बिघडते.

बी-१२ कमी असेल तर

हे जीवनसत्त्व वनस्पतींत नाही. पालकात नाही, मोडाच्या कडधान्यात नाही, इडलीच्या आंबवलेल्या पिठातही भरवसा ठेवण्याइतकं नाही. दूध, दही, ताक, अंडी, मासे, मांस एवढेच त्याचे स्रोत. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणांमध्ये बी-१२ कमी निघालं होतं. सातारा-सांगलीतल्या माळकरी आणि जैन घरांनी हे मनावर घ्यायला हवं. दुभती जनावरं दारात असूनही दूध डेअरीला जातं आणि घरात उरतं ते चहापुरतं, हेही आपल्याकडचं रोजचं चित्र. घरातल्या बाईसाठी दोन वाट्या दही किंवा दोन कप दूध बाजूला काढा, मगच कॅन भरा.

गोळी की इंजेक्शन? नुसता आकडा कमी असेल आणि त्रास सौम्य असेल तर रोजची मोठ्या मात्रेची गोळी बहुतेकांना पुरते. पाय बधिर होत असतील, चालताना तोल जात असेल, विसरणं वाढलं असेल, तर इंजेक्शनने सुरुवात करतात आणि तिथे उशीर चालत नाही, कारण नसांचं नुकसान नंतर पुरतं भरून येईलच असं नाही. कमतरता अन्नामुळे असेल तर ताट सुधारेपर्यंत पुरवणी घ्यायची, जठराच्या आजारामुळे असेल तर आयुष्यभर. नुसतं फोलिक ॲसिड घेत राहिलात तर रक्ताचा आकडा सुधारतो आणि नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. म्हणून फोलिकआधी बी-१२ ची खात्री करा.

आणि ती ‘पिवळी सलाईन’. ताकद येते म्हणून मागून लावून घेतली जाणारी ही बाटली म्हणजे बहुतेक वेळा पाण्यात बी-कॉम्प्लेक्स. दोन दिवस बरं वाटतं, आजार तिथेच राहतो. डॉक्टरांनी नको म्हटलं तर आग्रह धरू नका.

डी जीवनसत्त्व

इथे धोका कमी घेण्यापेक्षा जास्त घेण्याचा. ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यायची असते. चिठ्ठी नीट न वाचता ती रोज घेतल्यावर रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, तहान, भ्रम आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. कोर्स संपला की थांबा. दुसऱ्याची पुडी घेऊ नका. डी वाढवल्याने थायरॉइडची गोळी सुटते, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

उपवास, चातुर्मास

निर्जळ उपवासाच्या दिवशी थायरॉइडची गोळी आदल्या रात्री उशिरा, जेवणानंतर तीन तासांनी घेता येते. सूर्योदयानंतरच पाणी घेण्याचा नियम पाळणाऱ्यांनीही रात्रीच्या पर्यायाबद्दल डॉक्टरांशी बोलावं. हे औषध शरीरात अनेक दिवस टिकतं, त्यामुळे एखादा दिवस चुकला तर आकाश कोसळत नाही. पण नवरात्रभर गोळी बंद, असं करू नका. लोहाची गोळी उपवासाच्या रिकाम्या पोटी सोसत नसेल तर तो दिवस सोडा.

गरोदर असाल तर

दिवस गेल्याचं कळलं की त्याच आठवड्यात थायरॉइडच्या डॉक्टरांना कळवा. बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो, आणि निम्मे दिवस होईपर्यंत साधारण दर महिन्याला टीएसएच पाहावा लागतो. पुढे आशाताई लोह-फोलिकची लाल गोळी १८० दिवस आणि दिवसाला दोन कॅल्शियम देतात. ते सगळं घ्यायचंच. कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर, लोह अकराला, थायरॉइड पहाटे. लोह आणि कॅल्शियम एकत्र नको, मध्ये दोन तास ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तिथे आपल्याला थायरॉइड आहे हे न विचारता सांगा.

या खुणा दिसल्या तर वाट पाहू नका

- बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं. हिमोग्लोबिन ७-८ च्या खाली.
- लोहाची गोळी चालू नसताना डांबरासारखं काळं शौच, किंवा कारण नसताना वजन उतरणं.
- चालताना तोल जाणं, हातापायांचा बधिरपणा वाढत जाणं.
- म्हाताऱ्या माणसाला सतत गुंगी, अंग थंडगार, चेहऱ्यावर सूज. विशेषतः गोळी बरेच दिवस बंद असेल तर.
- थायरॉइडचा डोस वाढवल्यावर छातीत धडधड. रक्त फार कमी असताना, वय जास्त असताना किंवा हृदयविकार असताना हे आधी सांगायला हवं.

टीएसएच नॉर्मल असताना नुसत्या थकव्यासाठी स्वतःच्या मनाने डोस वाढवू नका. जास्तीच्या गोळीने हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडं ठिसूळ होतात.

खर्च आणि तुमचे हक्क

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय (कराडचं वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय त्यांतलंच) हे त्यात येतात. मिरज आणि सांगलीची शासकीय रुग्णालयं मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेली आहेत. ती वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात, त्यामुळे तिथे काही शुल्क असू शकतं. साताऱ्यातही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. केसपेपरच्या खिडकीवरच कोणत्या तपासणीला किती पैसे, हे विचारून घ्या. गावातल्या आरोग्य केंद्रात टीएसएच, फेरिटिन, बी-१२ यांपैकी काय होतं आणि काय पुढे पाठवलं जातं, हेही आधी विचारलं तर हेलपाटा वाचतो.

खाजगी दवाखान्यात गेलात तरी पुढील गोष्टी मागणं हा तुमचा हक्क आहे:

- राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेनुसार तपासणी कोणत्या लॅबमध्ये करायची आणि औषध कोणत्या दुकानातून घ्यायचं, हे तुम्ही ठरवू शकता. ‘आमच्याच लॅबमधून करा’ अशी सक्ती नाही.
- महाराष्ट्राच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार नर्सिंग होममध्ये रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावलेलं असायला हवं.
- चिठ्ठीवर औषधाचं जेनेरिक नाव, वाचता येईल अशा अक्षरात.
- दाखल झाला असाल तर कागदपत्रांच्या प्रती, मागणी केल्यापासून ७२ तासांत.
- औषधाचं पक्कं बिल.

लेव्होथायरॉक्सिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्याची कमाल किंमत सरकार ठरवतं. पट्टीवरच्या किमतीहून एक रुपयाही जास्त देऊ नका. जनऔषधी केंद्रात ते आणखी स्वस्त मिळू शकतं. तिकडे वळायचं असेल तर जरूर वळा, पण एकदा वळलात की दर महिन्याला तीच कंपनी मागा. दुकानदाराने ‘हे नाही, ते घ्या, एकच आहे’ म्हणून ब्रँड बदलून दिला, तर ती तारीख लिहून ठेवा आणि सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच करा. एरवीच्या शंकांसाठी राज्याची १०४ ही आरोग्य सल्ला दूरध्वनी सेवा आहे. फोन लावताना उपडी केलेली पिशवी समोर ठेवा, म्हणजे औषधांची नावं विचारली तर लगेच सांगता येतील.